डिझेलची २१ वर्षं झाली, आता पुढे काय? युरोपात नोकरी करणाऱ्यांशी बोलायचंय

सातपूरकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायला बसलो कारण कंपनीचा कागद टेबलावर आहे आणि महिनाअखेरीला उत्तर द्यायचंय.

मी २००४ पासून स्टुटगार्टच्या पट्ट्यात आहे, एका मध्यम सप्लायरकडे, डिझेल इंजेक्टरच्या टेस्ट बेंचवर. वय ४७, मुलं १५ आणि ११, घराचं कर्ज अजून ९ वर्षं. वडील नाशकात सातपूरला मायकोत नोझलवर होते, म्हणजे डिझेल आमच्या घरात दोन पिढ्यांचं. नोझलच्या टोकाला केसाएवढी भोकं असतात, त्यातून २,००० बारच्याही वर दाबाने डिझेल फवारलं जातं आणि ती फवारणी सगळ्या भोकांतून सारखी होतेय का हे बघणं म्हणजे माझं काम. काचेमागे फवारा सुटला की कुठलं भोक चुकलंय ते मला स्क्रीनवर आकडा यायच्या आत कळतं, टेस्ट ऑइलचा वास तर कपड्यांतून जातच नाही, बायको अजून वॉशिंग मशिनचा वेगळा राऊंड लावते.

दोन वर्षांपूर्वी बेंचवर कॅमेरा आणि सॉफ्टवेअर आलं, चार माणसांच्या शिफ्टला दोन पुरायला लागली. आणि आता मुळात इंजेक्टरच कमी लागतायत. २०१५ साली जर्मनीत नव्या गाड्यांतल्या जवळजवळ निम्म्या डिझेलच्या होत्या, २०२४ ला १७ टक्क्यांच्या आसपास. बॉशच्या तेव्हाच्या प्रमुखांनीच कधीकाळी हिशोब सांगितला होता की डिझेल सिस्टिमला जिथे १० माणसं लागतात तिथे पेट्रोलला ३ आणि इलेक्ट्रिकला १. तेव्हा आम्ही कँटीनमध्ये त्यावर बोललो आणि विसरून गेलो, खरं सांगायचं तर विसरायला नको होतं.

आता माझ्यासमोर तीन वाटा आहेत. एक, अबफिंडुंग म्हणजे एकरकमी पैसे घेऊन स्वतःहून बाहेर पडायचं. दोन, ट्रान्सफरगेझेलशाफ्ट, म्हणजे १२ महिने एका वेगळ्या कंपनीच्या पटावर राहायचं, तिथे ट्रेनिंग आणि नोकरी शोधायला मदत. तीन, कंपनीच्याच दुसऱ्या प्लँटला हायव्होल्टेजचं ट्रेनिंग घेऊन जायचं, पण तो ६० किलोमीटरवर आहे आणि पगाराचा ग्रेड एक पायरी खाली. रकमेचा आकडा बघून डोळे दिपतात हे मान्य करतो. कुणी यातून गेलं असेल तर सांगा. आणि बाकी युरोपात काय चाललंय तेही लिहा, म्हणजे मला कळेल की हे फक्त आमच्याकडचं आहे की सगळीकडचं.

बोखुमचे_काका

सातपूरकर, आधी एक गोष्ट. सही करायच्या आत युनियनच्या वकिलाला नाहीतर लेबर कोर्टाच्या वकिलाला कागद दाखवा. स्वतःहून करार करून नोकरी सोडली तर आगेंटुअर (सरकारी रोजगार कचेरी) बेकारी भत्ता १२ आठवड्यांपर्यंत रोखू शकतं. तुमचं वय ५० च्या खाली, म्हणजे भत्ता जास्तीत जास्त १२ महिने, मुलं आहेत म्हणून नेटच्या, म्हणजे हातात येणाऱ्या पगाराच्या ६७ टक्के. ट्रान्सफरमध्ये गेलात तर तेही ६७ टक्केच, पण ते १२ महिने या भत्त्यातून वजा होत नाहीत, नोकरी नाही मिळाली तर त्यानंतर तो सुरू होतो. आणि बऱ्याच ठिकाणी कंपनी वरून भर घालून ७५-८० टक्क्यांपर्यंत नेते. तुमच्या करारात आहे का बघा. हा फरक रकमेच्या आकड्यात दिसत नाही.

आता आमच्या गावाचं सांगतो. मी १९८८ ला रुहरला, म्हणजे जर्मनीच्या कोळशाच्या पट्ट्यात, बोखुमला आलो. १९५७ साली जर्मनीत दगडी कोळशाच्या खाणींवर ६ लाख माणसं होती, शेवटची खाण, बोट्रोपची प्रॉस्पर हानिएल, २१ डिसेंबर २०१८ ला बंद झाली आणि शेवटचा कोळशाचा तुकडा राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायरांच्या हातात दिला. मी टीव्हीवर बघत होतो, खाणकामगारांचे चेहरे काळे आणि डोळ्यांत पाणी. पण लक्षात घ्या, बंद करायचं २००७ लाच ठरलं होतं. ११ वर्षं आधी. कुणालाही वाऱ्यावर सोडायचं नाही असं ठरवून कुणाला लवकर पेन्शन, कुणाला दुसरं शिक्षण, कुणाला चालू खाणीत बदली, असं एकेक माणूस पुढे नेला. गावं तरीही म्हातारी झाली, दुकानं बंद पडली, ते मी डोळ्यांनी बघितलंय, पण माणसं रस्त्यावर आली नाहीत.

आणि त्याच बोखुममध्ये नोकियाचा कारखाना २००८ ला गेला, ओपेलचा डिसेंबर २०१४ ला. ओपेलच्या जागेवर आता पार्सलचं मोठं केंद्र आणि युनिव्हर्सिटीच्या लॅब आहेत. आमच्या शेजारचा गडी असेंब्लीवर होता, वय तेव्हा ४५, ट्रान्सफरमध्ये गेला. पहिले चार महिने नुसता अर्ज लिहायला शिकत होता कारण आयुष्यात अर्ज कधी लिहिलाच नव्हता. आज शहराच्या ट्राम डेपोत इलेक्ट्रिकचं काम करतो. पगार ओपेलइतका नाही. पण माणूस ठीक आहे.

रोखठोक_७

मला हे सगळं ग्रीन वगैरे पटत नाही. खरं कारण चीन आहे आणि महाग वीज. गाड्या तिकडे बनतायत आणि इकडे लोकांना ट्रेनिंगची गाजरं दाखवतायत. हीट पंपाच्या कायद्यावरून जर्मनीत केवढं रान पेटलं होतं ते आठवा.

सातपूरकर

रोखठोक, चीन आहेच, वीज महाग आहे हेही खरं, आमच्या कँटीनमध्ये रोज हेच बोलतात. पण माझं काम चीनने नेलेलं नाही. इलेक्ट्रिक गाडीत इंजेक्टर नाही, हायप्रेशर पंप नाही, टर्बो नाही, एक्झॉस्टची सफाई नाही. जे लागतच नाही ते कुठल्या देशात बनवणार? २०३५ नंतर काय विकायचं यावर ब्रसेल्समध्ये अजून ओढाताण चालू आहे, नियम थोडा सैल करायचा प्रस्तावही आलाय, पण डिझेलच्या लाइनवर नवी गुंतवणूक आमच्याकडे कोणी करत नाहीये. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ ला युनियनशी करार केला, २०३० पर्यंत ३५,००० पेक्षा जास्त जागा कमी पण सक्तीने कुणाला काढायचं नाही. बॉशने सप्टेंबर २०२५ ला आणखी १३,००० जाहीर केल्या. माझ्यासारखे इथे हजारोंनी आहेत.

स्वानसीची_माई

मी वेल्समध्ये नर्स आहे, पोर्ट टॅलबॉट आमच्यापासून १५ मिनिटांवर. काकांनी ११ वर्षांचं लिहिलं ते वाचून फार वाईट वाटलं, कारण इथे उलटं झालं.

टाटा स्टीलची इथली शेवटची ब्लास्ट फर्नेस (कोळशावर लोखंड वितळवणारी भट्टी), चार नंबरची, ३० सप्टेंबर २०२४ ला थंड झाली. पाच नंबरची त्याआधी जुलैमध्येच गेली होती. योगायोग बघा, त्याच ३० तारखेला इंग्लंडमधलं कोळशावरचं शेवटचं वीज केंद्र, रॅटक्लिफचं, तेही बंद झालं. एका दिवसात केवढं संपलं. नवी इलेक्ट्रिक आर्क फर्नेस येतेय, १२५ कोटी पौंडांची, त्यातले ५० कोटी ब्रिटिश सरकारचे. भंगारातून पोलाद वितळवणार, धूर खूप कमी. पण ती सुरू व्हायला २०२७ ची अखेर नाहीतर २०२८ उजाडणार. मधल्या तीन वर्षांचं काय? युनियनचं म्हणणं होतं की नवी सुरू होईपर्यंत एक जुनी चालू ठेवा, कंपनीचं म्हणणं की रोज १० लाख पौंडांचा तोटा आहे, परवडत नाही. सुमारे २,८०० नोकऱ्यांचा प्रश्न होता आणि नव्या भट्टीला माणसं मुळातच कमी लागतात.

पहाटेची ड्युटी संपवून एम-फोरवरून येताना डाव्या हाताला वाफेचे ढग आणि नारिंगी उजेड दिसायचा, आता तिथे अंधार असतो. वॉर्डात पन्नाशीची माणसं येतात, छातीत धडधडतं म्हणून, रिपोर्ट नॉर्मल. विचारलं काय काम करता की उत्तर द्यायला दोन मिनिटं घेतात. हवा स्वच्छ व्हायला हवी हे मला नर्स म्हणून कोण सांगणार, खिडकीवर लाल धूळ बसायची इथे. पण जुनं बंद करायची तारीख आणि नवं सुरू व्हायची तारीख यांच्यामध्ये माणसं पडली, हे मला सहन होत नाही. सातपूरकर, तुमच्या तिसऱ्या पर्यायात दोन तारखांमध्ये फट नाहीये. त्याची किंमत कमी समजू नका.

क्राकोवची_ऋता

कारखान्याबाहेरचंही थोडं लिहिते, नाहीतर वाटेल की फक्त धूर सोडणाऱ्या कामांवरच आलंय. क्राकोवमध्ये सगळ्या युरोपच्या कंपन्यांची हिशोबाची ऑफिसं आहेत, मी त्यातल्याच एकात. आमच्या टीमचं काम म्हणजे जर्मन बिलं, पीडीएफ उघडा, रक्कम बघा, कोड टाका, पुढे पाठवा. जर्मनीत १ जानेवारी २०२५ पासून कंपन्यांना एकमेकांची ई-इनव्हॉइस घेता आलीच पाहिजेत असा नियम आला. आता बिल येतं तेच डेटा म्हणून, वाचायला माणूस कशाला? १४ जणींच्या टीममध्ये ६ उरल्या. ज्या उरल्या त्या अडलेली बिलं सोडवतात, म्हणजे फक्त कटकटीची. पूर्वी दहा सोप्या बिलांनंतर एक अवघड यायचं, डोकं शांत व्हायचं, आता दिवसभर अवघडच. संध्याकाळी घरी येऊन पोराशी बोलायला शब्द उरत नाहीत. नोकरी टिकली म्हणून मी देवापुढे साखर ठेवली, पण काम पूर्वीचं राहिलेलं नाही हेही तितकंच खरं.

लाइपझिगकर

ऋताताई, तुमचं वाचून राहवलं नाही. मी गोदामात शिफ्ट लीड आहे. आमच्या हातातला स्कॅनर सेकंदाचा हिशोब ठेवतो, कोण किती वेळात कुठल्या रॅकपाशी पोचला, कुठे थांबला. तीन वर्षांपूर्वी मॅनेजमेंटला ते भिंतीवरच्या स्क्रीनवर नावासकट लावायचं होतं. बेट्रीब्सराटने अडवलं. हे शब्द इथे नवीन येणाऱ्याला माहीत नसतात म्हणून सांगतो, बेट्रीब्सराट म्हणजे कामगारांनी निवडून दिलेली कमिटी, पाच कायम माणसं असतील तिथेही निवडता येते, आणि कामावर नजर ठेवू शकणारं कुठलंही मशीन किंवा सॉफ्टवेअर आणायचं तर कंपनीला तिची संमती लागते, हे कायद्यातच आहे. एआय आणायचं असेल तर कमिटी कंपनीच्या खर्चाने स्वतःचा तज्ज्ञ बोलावू शकते, तेही २०२१ पासून. आमच्याकडे सात महिने वाटाघाटी झाल्या, शेवटी ठरलं की आकडे फक्त आठ जणांच्या गटाचे दिसतील, नावाने नाही, आणि त्यावरून कुणाला नोटीस देता येणार नाही. स्क्रीन लागला पण त्यावर कुणाचं नाव नाही. मी गेल्या निवडणुकीला उभा राहिलो आणि निवडून आलो, जर्मन मोडकंतोडकंच आहे माझं, पण मतं मिळाली. आपली माणसं युनियनपासून लांब राहतात, व्हिसाला काही होईल म्हणून घाबरतात. काही होत नाही. मेंबर व्हा. पगाराचा एक टक्का जातो, पण कोर्टात जायची वेळ आली की वकील मिळतो. फक्त आयत्या वेळी नको, आमच्या युनियनमध्ये तीन महिने मेंबर असावं लागतं.

रॉटरडॅमकर

अनुमोदन. आमच्या बंदरातल्या मास्व्हलाक्टे दोन या भागातल्या टर्मिनल्सवर २०१५ पासून क्रेनच्या केबिनमध्ये माणूसच नाही, ऑपरेटर ऑफिसमध्ये स्क्रीनसमोर जॉयस्टिक घेऊन बसतो, कंटेनर उचलून नेणाऱ्या गाड्या तर बिनड्रायव्हरच्या आणि बॅटरीवर. म्हणजे डिजिटल पण आणि ग्रीन पण, दोन्ही एकाच वेळी. जानेवारी २०१६ ला गोदी कामगारांनी २४ तास संप केला, बंदर थांबलं, मग २०२० पर्यंत नोकरीची हमी मिळाली. माझा एक डच सहकारी ३० वर्षं वर उंच केबिनमध्ये बसायचा, आता खाली कॉफी मशीनशेजारी बसतो. तो म्हणतो गुडघे सुधारले पण वारा कळत नाही. पूर्वी वाऱ्याचा झोत आला की बुडाखालच्या खुर्चीला कळायचं, आता स्क्रीनवर बाण येतो.

उत्तरेतली_वृंदा

मी स्वीडनमध्ये शेलेफ्टिओला बालवाडीत शिकवते, आर्क्टिक सर्कलच्या जरा खाली. एक दुसरी बाजू सांगते, कारण ग्रीन नोकरी म्हणजे पक्की नोकरी असं वाटून खूप जण इथे आले होते. नॉर्थव्होल्टचा बॅटरी कारखाना, गावात जल्लोष, नव्या इमारती, माझ्या वर्गात अचानक कितीतरी भाषांची मुलं. १२ मार्च २०२५ ला कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. सरकारी पगार-हमी असते म्हणून लगेच कुणी उपाशी राहिलं नाही, पण परदेशी माणसाला प्रश्न पगाराचा नसून परमिटचा असतो, वर्क परमिट असेल तर साधारण तीन महिन्यांत दुसरी नोकरी शोधावी लागते. इंग्रजीवर काम चाललं होतं कारखान्यात, स्वीडिश शिकायला कुणाला वेळच मिळाला नव्हता. त्या वसंतात माझ्या वर्गातल्या खुंट्यांवरची नावं मी एकेक करून काढत होते. पाच वर्षांची एक तेलुगू मुलगी मला म्हणाली की बाबांची बॅटरी संपली. मी तिला जवळ घेतलं, दुसरं काय करणार.

म्हणून कुणीही नवीन येणार असेल तर माझं कळकळीचं सांगणं, पहिल्या दिवसापासून तिथली भाषा. कंपनी इंग्रजीवर चालते म्हणून थांबू नका.

वायरमन_चिंचवड

सगळ्यांना नमस्कार. मी इथे सगळ्यात लहान असेन. आयटीआय वायरमन, चाकणला पॅनलचं काम तीन वर्षं. महाराष्ट्र सरकार आणि बाडेन वुर्टेम्बर्गचा फेब्रुवारी २०२४ ला करार झाला, १०,००० कुशल लोक पाठवायचे म्हणून, तेव्हापासून मी जर्मनच्या मागे आहे, बी-वन पातळीची भाषेची परीक्षा दिलीये, निकाल यायचाय. पण हा धागा वाचून घाबरलो. एकीकडे ३५,००० नोकऱ्या जातायत, १३,००० जातायत, आणि दुसरीकडे आम्हाला बोलावतायत. हे कसं काय? घरचे म्हणतात तिकडेच लोक रिकामे बसलेत तर तुला कोण घेणार.

बोखुमचे_काका

बाळ, घाबरू नकोस, पण नीट समजून घे. जाणाऱ्या नोकऱ्या आणि येणाऱ्या नोकऱ्या एकाच दारातून ये-जा करत नाहीत. जातायत त्या कारखान्यातल्या, चांगल्या टॅरिफ पगाराच्या (युनियनने करारात ठरवलेल्या), बहुतेक दक्षिण जर्मनीतल्या आणि सॅक्सनीतल्या. माणसं कमी पडतायत ती छोट्या धंद्यांत, घरात हीट पंप बसवणारे, छतावर सोलर लावणारे, ट्रान्सफॉर्मर आणि केबल टाकणारे, रेल्वेची सिग्नलं सांभाळणारे. आणि ५२ वर्षांचा लाइनवरचा माणूस शिडी चढून छतावर जाऊ शकत नाही, किंवा ८०० किलोमीटर दूर घर हलवू शकत नाही, आणि पगार कमी घ्यायला तयार नसतो, त्याच्या जागी मी असतो तर मीही नसतो. म्हणून एकाच वेळी बेकारी आणि टंचाई दोन्ही दिसतं. पूर्व जर्मनीत लाउझित्समध्ये कोळशाच्या पट्ट्यातच कॉटबुसला रेल्वेने आयसीई या वेगवान गाड्यांच्या दुरुस्तीचं केंद्र उभं केलं, पहिला हॉल जानेवारी २०२४ ला सुरू झाला, एकूण १,२०० जागा. जिथे माणसं आहेत तिथेच काम नेलं. असं सगळीकडे झालेलं नाही.

तू वायरमन आहेस. वायरिंगचं काम पुढची कित्येक वर्षं पुरून उरेल. तुझ्या आयटीआयच्या सर्टिफिकेटचं इथल्या शिक्षणाशी मोजमाप करतात, कमी पडलं तर काम करता करता उरलेलं पूर्ण करायची सोय मार्च २०२४ पासून आहे. त्याचे कागद आधी नीट कर. कुणी एजंट पैसे मागत असेल तर इथे येऊन विचार.

सातपूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे गायब होतो, आता सविस्तर लिहितो.

काकांच्या सांगण्यावरून कागद वकिलाकडे नेला. दोन तास लागले. टॅक्स, १२ आठवडे, हेल्थ इन्शुरन्स असं सगळं धरलं तर डोळे दिपवणारी रक्कम आमच्या घराला साधारण १९ महिने पुरली असती. १९ महिन्यांनी मी ४९ चा आणि हातात डिझेलचीच विद्या. बायको म्हणाली पैशाकडे बघून तू खुश दिसत नाहीयेस, बेंचकडे बघून दिसायचास. त्या रात्री ठरलं. तिसरा पर्याय घेतला. ग्रेड खाली आला, पण बेट्रीब्सराटने एवढं मिळवून दिलं की फरक दोन वर्षांत हळूहळू कमी होणार, एकदम नाही. ट्रेनिंगच्या काळात काही जणांना क्वालिफिट्सिरुंग्सगेल्ड नावाची सरकारी मदत मिळतेय, एप्रिल २०२४ पासूनची, तीही नेटच्या ६० किंवा ६७ टक्के, तीसुद्धा आधी करार झाला होता म्हणूनच.

सोमवारी कोर्सचा पहिला दिवस झाला. शिकवणारा माइस्टर (उस्ताद कारागीर) २९ वर्षांचा, आम्ही १२ जण, सगळे चाळिशीपुढचे. त्याने नारिंगी केबल टेबलावर ठेवली आणि म्हणाला, डिझेल गळलं तर वास येतो, हे गळत नाही, वासही येत नाही, आणि ८०० व्होल्ट आहे. मग नियम पाठ करून घेतले, आधी वीज तोड, ती परत कुणी जोडणार नाही असं कुलूप लाव, मग मीटरने खरंच शून्य आहे का बघ. त्याआधी हातमोजे. हातमोजा तोंडाशी गुंडाळून दाबायचा, आतली हवा फुगते, कुठून सुसू आवाज आला तर मोजा फेकून द्यायचा. माझ्या पहिल्या मोज्यातून अंगठ्याजवळ आवाज आला, इतका बारीक की शेजारच्याला ऐकू आला नाही. माइस्टरने कानाला लावून बघितला आणि विचारलं, तुम्हाला कसं कळलं? मी म्हटलं २१ वर्षं बारीक भोकांचंच काम केलंय.

वडिलांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, जेवणाच्या डब्याचं काय, ६० किलोमीटर म्हणजे पाचला उठावं लागत असेल. म्हटलं हो, साडेचारला.

वायरमन_चिंचवड, कोर्समधले सगळे जर्मन शब्द मी एका वहीत मराठी अर्थासकट लिहून घेतोय, आत्तापर्यंत १४० झालेत. शनिवारी फोटो काढून तुला विपूत (विचारपूशीत) पाठवतो. आणि निकाल लागला की इथेच कळव.